मावशीच्या बाजूची सालं

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर फेनविक सरांनी परीक्षेला बसणाऱ्या सहाही जणांना घरी सोडलं. "जा आणि अभ्यास करा," ते म्हणाले, "नाहीतर झोपा. आता दोन्हीचा उपयोग सारखाच." उद्या सकाळी पावणेआठला शाळेच्या ग्रंथालयात हजर व्हायचं होतं. पेपर अमेरिकेच्या इतिहासाचा, पण शाळेतल्या नेहमीच्या इतिहासाहून वरच्या पायरीचा, कॉलेजच्या तोडीचा. पाचपैकी तीन गुण पडले की पास. टॅबिथा रकलला सरावाच्या पहिल्या पेपरात एक पडला होता आणि दुसऱ्यात दोन.

मार्च महिन्यात सरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, नाव मागे घ्यायचंय का, त्यात काही कमीपणा नाही. "नाही," ती म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. कशालाही तिनं इतकं ठाम उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बालवाडीपासून तिच्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा असायचा: मुलगी गुणी आहे, पण खिडकीबाहेर बघते. इतिहास तिला मनापासून आवडायचा. वाचताना सगळं डोळ्यांपुढं उभं राहायचं, जहाजं, बर्फातले सैनिक, गिरण्यांतून सुटलेल्या बायका. पण पुस्तक मिटलं की सगळी माणसं एकाच धुक्यात शिरायची. कोण आधी आलं, कोण मागून, पत्ताच लागायचा नाही.

टॅबिथाची आई आठवडाभर सिनसिनाटीत कामाला असायची, म्हणून टॅबिथा डॉयलमामाकडे राहायची. ती ओढ्याकाठच्या रानात पोचली तेव्हा मामा ट्रॅक्टरवर बसून सँडविच खात होता. तंबाखूची लावणी सुरू होऊन आठ दिवस झाले होते आणि शेवटचे दोन एकर राहिले होते. ट्रेमधली रोपं उंच होऊन माना टाकायला लागली होती.

"उद्या दुपारपासून पाऊस," मामा म्हणाला, "आणि मग आठवडाभर त्याला दुसरा धंदा नाही. ही चिकणमाती एकदा भिजली की यंत्र आत जायचं नाही. आज अंधार पडायच्या आत उरकलं तर उद्या सकाळी तू मोकळी. नाही उरकलं तर मला सकाळी माणूस लागेल. परीक्षा पुढच्या वर्षी दे."

"पुढच्या वर्षी ती माझ्यासाठी थांबत नाही, मामा."

"तंबाखू तरी कुठं थांबतोय?"

यंत्रावर ओपलमावशी आधीच बसलेली होती. नात्यानं ती टॅबिथाच्या आजीची बहीण. म्हणजे मामाची मावशी, पण टॅबिथाही तिला मावशीच म्हणायची आणि त्या खोऱ्यातला पोस्टमनसुद्धा. वय एकाहत्तर. डोक्याला पुरुषी टोपी, मांडीवर पोतं, पायांशी गार गोड चहाची बरणी.

लावणीचं यंत्र म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचा लोखंडी सांगाडा. त्याला जमिनीलगत दोन बैठका, शेजारी शेजारी. मधून एक साखळी फिरते आणि साखळीला रबरी पंजे. एका पंजात एकीनं रोप ठेवायचं, पुढच्या पंजात दुसरीनं. पंजा मिटतो, रोप खाली नेतो, सरीत उभं करतो, वरून टाकीतलं घोटभर पाणी पडतं आणि टक् असा आवाज होतो. मागची दोन चाकं माती दाबत जातात. उजवीकडच्या बैठकीनं ओळीतलं पहिलं रोप टाकायचं, ही रीत. मावशी डावखुरी, म्हणून डावी बैठक तिची. ते यंत्र घरात आलं त्या दिवसापासून ती दुसरीकडे बसली नव्हती आणि तिच्या हातून पंजा रिकामा गेलेला कुणी पाहिला नव्हता.

रिकामा गेलेला पंजा म्हणजे ओळीत नांगा, रोपाची मोकळी राहिलेली जागा. एरवी मामी भोकं पाडायची खुंटी घेऊन मागून चालायची आणि नांगे भरत यायची. यंदा तिचा घोटा मोडलेला, पाय पलंगावर. तेव्हा मामानं नियमच केला होता. ज्यानं नांगा पाडला त्यानं भरायचा, आणि तो भरल्याशिवाय दुसरं काम नाही.

टॅबिथानं अभ्यासाची कार्डं आणली होती, कडीत ओवलेली दोनशे बारा. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला काय घडलं ते. पण दोन्ही हात रोपांत गुंतलेले, कार्डं धरणार कशी? मावशीनं टाकीपासून सांगाड्यापर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून कार्डं तिच्यावर टांगली. पहिल्याच ओळीत वाऱ्यानं ती इतकी फडफडली की सतराशे सालाच्या जागी अठराशे साल दिसायला लागलं आणि एक कार्ड उडून मावशीच्या चहात पडलं.

"हे कुठलं गं बुडालं?" मावशीनं ते झटकून विचारलं.

"बोस्टनमध्ये समुद्रात चहा टाकला ते."

"मग बरोबर जागी पडलं." मावशीनं कार्ड मांडीवर वाळत घातलं. ट्रॅक्टर वळत होता. "एक सांग, तुझी ही सालं एकूण किती?"

"सर सुरुवात करतात चौदाशे एक्याण्णवपासून. गोऱ्यांची जहाजं यायच्या आदलं साल. तिथून आजपर्यंत. पाचशेच्या वर."

"पाचशेच्या वर किती?"

"सव्वीस-सत्तावीस."

मावशी ओळीच्या टोकापर्यंत बघत राहिली. "या रानात एका ओळीत पाचशे तीस रोपं बसतात," ती म्हणाली. "चाळीस वर्षं बसतायत."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्यात मामानं ट्रॅक्टर सरळ केला, साखळी फिरायला लागली आणि टॅबिथानं पहिलं रोप पंजात ठेवत म्हटलं, "चौदाशे एक्याण्णव."

टक्.

त्या दुपारी मग ते सुरू झालं. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं चालत होता, आणि कुंपणाशी ओळ संपली की मामा यंत्र उचलून रिकामाच मागं यायचा, पुढची ओळ पुन्हा त्याच टोकापासून. ओल्या मातीचा, डिझेलचा आणि हिरव्या रोपांचा वास एकमेकांत मिसळला होता. टॅबिथा आपल्या प्रत्येक रोपाला साल म्हणायची आणि त्या साली घडलेलं आठवत असेल तर तेही. नसेल आठवत तर नुसतं साल. मग मावशीचं रोप, टक्, मग पुन्हा तिचं. दोन-तीन ओळी झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की दर ओळीत तेच साल त्याच जागी येतंय. सोळाशे सात, इंग्रज पहिली वसाहत करायला आले ते साल, ओढ्याच्या वळणापाशी यायचं, आणि तिथल्या लव्हाळ्यातून तीन जहाजांच्या डोलकाठ्या वर येताना तिला दिसायच्या. सतराशे त्रेसष्टला ओळ जुन्या चिनाराच्या सावलीत शिरायची.

"या साली राजानं हुकूम काढला," ती म्हणाली, "की डोंगर ओलांडून कुणी पलीकडं जायचं नाही."

"पलीकडं म्हणजे कुठं?"

"म्हणजे इथंच, मावशी. केंटकीत."

"आणि आपण बसलोय कुठं?" मावशी म्हणाली. "चांगलं ऐकलं म्हणायचं राजाचं."

अठराशे एकसष्टला, यादवी युद्ध सुरू झालं तिथं, जमीन खडकाळ होती, यंत्र दाणकन आदळायचं आणि चार वर्षं आदळतच राहायचं. अठराशे पासष्टनंतर माती पुन्हा लोण्यासारखी. एकोणीसशे एकोणतीसला, शेअर बाजार कोसळला त्या साली, रानात खोलगट भाग होता. तिथं यंत्र एकदम खाली जायचं आणि टाकीतलं पाणी डचमळायचं. कुंपणापाशी आजचं साल यायचं आणि त्या सालानंतरची तीन-चार रोपं उरायची. ती लावताना टॅबिथा काहीच बोलायची नाही. ती सालं अजून कुणी पाहिलेली नव्हती.

सातव्या-आठव्या ओळीपर्यंत टॅबिथाला वाटायला लागलं की आपण रोपं लावतच नाही आहोत. आपण नुसत्या बसलो आहोत आणि खालून देश चाललाय. चिनाराच्या सावलीतून माणसं डोंगर उतरत होती, खडकातून बंदुका ओढल्या जात होत्या, आणि सगळे आपापल्या जागी होते. कुणी कुणाच्या धुक्यात शिरत नव्हतं. उन्हं कलली होती, ओढ्याचं पाणी पितळेसारखं झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं डोकं तिला रिकामं वाटलं नाही.

चारच्या पुढं मामा टाकीत पाणी भरायला थांबला. मावशीनं चष्मा लावला आणि सुतळीवरची कार्डं हाताशी ओढली.

"बघू या तरी. अठराशे तीन?"

"फ्रान्सकडून अर्धा देश विकत घेतला."

"अठराशे त्रेसष्ट?"

"गुलामांच्या सुटकेचा जाहीरनामा."

"अगं बाई! अठराशे वीस?"

टॅबिथानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"अठराशे पन्नास? ... अठराशे चोपन्न? ... बरं, अठराशे अठ्ठेचाळीस?"

प्रत्येक वेळी टॅबिथाला नुसता टक् असा आवाज ऐकू आला. बाकी काही नाही. तिनं हातातल्या रोपाकडं पाहिलं, मग मावशीकडं, आणि तिच्या तोंडचा रंग उडाला.

"मावशी," ती म्हणाली, "मी पहिलं रोप टाकते. चौदाशे एक्याण्णव. मग त्र्याण्णव, मग पंच्याण्णव. माझ्याकडं सगळी विषम सालं आलीत. सम सालं सगळी तुझ्याकडं गेली."

"माझ्याकडं?" मावशीनं कार्डं पुन्हा चाळली. "मी तर त्यांना पाणी पाजून मोकळी झाले. महत्त्वाची होती का?"

"निवडणुका!" टॅबिथा रडकुंडीला आली. "राष्ट्राध्यक्षाच्या सगळ्या निवडणुका सम साली. बायकांना मताचा हक्क, एकोणीसशे वीस साली. अठराशे साठची निवडणूक, जिच्यामुळं युद्ध पेटलं. मी युद्ध शिकले आणि ते कशानं झालं ते तू लावलंस."

मावशीनं मांडीवरचं वाळलेलं कार्ड सुतळीला परत लावलं. मग पोतं झटकून ती उठली. गुडघा धरून, कण्हत, पण उठली.

"सरक," ती म्हणाली. "मी उजवीकडं बसते. पहिलं रोप मी टाकते, म्हणजे एक्याण्णव माझं, ब्याण्णव तुझं."

"पण मावशी, तुझा हात डावा."

"हात माझा आहे ना? मी बघते त्याचं काय करायचं ते."

मामा पाण्याची नळी आवरण्यात गुंतला होता, त्याला काही कळलं नाही. ट्रॅक्टर निघाला. "चौदाशे ब्याण्णव," टॅबिथा म्हणाली, आणि हे साल तर सगळ्या देशाला पाठ असतं. पण आता रोप उलट्या हातानं टाकायचं होतं. पंजा मिटला तेव्हा ते तिच्या बोटांतच होतं. मावशीचं तिच्याहून वाईट. चाळीस वर्षं डावीकडं झुकलेलं अंग उजवीकडं वळायला तयार नव्हतं. ती हात आडवा नेऊन रोप ठेवायची, तोवर दर दहा-बारा पंजांमागं एक निघून गेलेला असायचा. पाणी मात्र न चुकता पडायचं, टक्, मोकळ्या मातीवर.

"अठराशे वीस," टॅबिथा म्हणत होती, "मिसुरीचा समझोता, कुठल्या राज्यात गुलाम ठेवायचे आणि कुठल्या नाही. अठराशे अठ्ठावीस, जकात. अठराशे बत्तीस, कॅरोलिना म्हणते आम्ही कायदा मानत नाही." सम सालं एकेक करून आपापल्या जागी उतरत होती, आणि तो आनंद इतका मोठा होता, की नांगे पडताना दिसूनही दोघींपैकी कुणीच हाक मारली नाही.

चार ओळी तशाच गेल्या. पाचवीच्या वळणावर मामानं सहज मागं पाहिलं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. रानात एकदम शांतता झाली. तो खाली उतरला, ओळीतून दहा पावलं चालत गेला आणि परत आला.

"माझे दात पडलेत तेसुद्धा याहून सरळ ओळीत आहेत," तो म्हणाला. "मावशी, तू तिकडं काय करतेस?"

मावशीनं सगळं सांगितलं, विषम सालं, सम सालं, निवडणुका. मामानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं शाळेशी कधी पटलं नव्हतं, नववीतच त्यानं शाळा सोडली होती.

"म्हणजे टॅबिथाच्या हाती सम सालं यायला हवी होती," तो म्हणाला.

"हो."

"मग जागा कशाला बदलल्या? जागच्या जागी बसून मोजणी चौदाशे नव्वदपासून सुरू केली असती तर?"

ओढ्यावर एक पाखरू ओरडलं. टॅबिथाच्या डोळ्यांपुढं चार ओळी नांग्यांसकट फिरल्या. आधी मावशीचे खांदे हलायला लागले, मग टोपी, मग बैठक. ती इतकी हसली की तिला टाकीला धरून उभं राहावं लागलं. "चौदाशे नव्वद!" ती डोळे पुसत म्हणाली. "आम्ही दोघी कॉलेजात जायला निघालोय, आणि हे याला सुचलं!"

मामाला हसू आलं नाही. "आठ वाजता अंधार पडेल," तो म्हणाला. "आणि नांगे कोण भरणार? नांगे पावसानंतर भरले की मग सगळी रोपं लहान-मोठी होतात, तोडणीला घोळ. नियम माहीत आहे तुम्हाला. नांगे भरल्याशिवाय कुणी कुठं जायचं नाही. परीक्षा असो नाहीतर लग्न असो."

दोघी आपापल्या जुन्या जागी बसल्या. उरलेल्या ओळी चौदाशे नव्वदपासून सुरू झाल्या आणि एकही नांगा पडला नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा रोपं दिसत नव्हती, नुसता टक् ऐकू येत होता. घरी जाताना टॅबिथानं विजेरीच्या उजेडात त्या चार ओळींतले नांगे मोजले. एकशे बेचाळीस.

पहाटे ती उठली तेव्हा खोऱ्यात दूध सांडल्यासारखं धुकं भरलं होतं. हातात खुंटी, खांद्याला रोपांची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची झारी. सव्वासातला निघालं तरच शाळा गाठता येणार होती. अजून सहा वाजले नव्हते. ती रानाच्या कडेला पोचली आणि थांबली. धुक्यातून आवाज येत होता. खुंटी मातीत जाते तो, आणि मग कुणीतरी कण्हून उठतं तो.

"मावशी?"

"माझे नांगे तुझ्याहून जास्त आहेत," धुक्यातून उत्तर आलं. "मी मोजले नाहीत, पण माझा मला अंदाज आहे."

टॅबिथा तिच्या मागच्या ओळीत शिरली. खुंटीनं भोक पाडायचं, रोप सोडायचं, बाजूनं माती दाबायची, पाणी घालायचं, पुढं जायचं. काल बसून गेलेलं रान आज पायी होतं. यंत्रावर सालं दीड सेकंदाला एक अशी आली होती. आता दोन सालांच्या मधे एक पाऊल होतं, पायाखाली गार माती होती आणि तीस-चाळीस पावलांपलीकडची रोपं धुक्यात दिसतच नव्हती. ती चिनारापासून मोजत निघाली. अठराशे वीसला नांगा होता. तो भरून ती पुढं गेली आणि अठराशे साठच्या नांग्यापाशी पोचली. मागं वळून पाहिलं तर अठराशे वीसचं रोप धुक्याच्या कडेला अजून पुसट दिसत होतं.

"एवढंच अंतर?" ती म्हणाली.

"काय एवढंच?"

"मिसुरीचा समझोता झाला तेव्हा दहा वर्षांचं पोर असेल, ते युद्ध लागलं तेव्हा पन्नाशीचं. तीच माणसं होती, मावशी. मला वाटायचं वेगळी. त्यांनीच भांडण मिटवलं, पुन्हा मिटवलं, पुन्हा मिटवलं, आणि मग ती दमली."

मावशी खुंटीवर भार देऊन उभी राहिली. "माझा जन्म कुठं येतो बघ बरं," ती म्हणाली आणि कुंपणाकडं जाऊन आजच्या सालापासून मागं मोजत चालायला लागली. एकाहत्तर रोपं मोजून ती थांबली. तिथून तिची आई सव्वीस पावलांवर. आईची आई आणखी पस्तीस. "आमची ही आजी तिच्या आजोबांच्या मांडीवर बसलेली," मावशीचा आवाज आता जवळ यायला लागला होता. "त्यांना एकच हात होता. दुसरा युद्धात गेला."

"कुठल्या बाजूनं लढले?"

"ते कुणी आमच्याकडं विचारलं नाही कधी. आजी म्हणायची, ते जेवायला ज्या घरी बसायचे त्या बाजूचे." मावशी टॅबिथाला ओलांडून आणखी चाळीस-पन्नास पावलं पुढं गेली. "हे बघ, त्यांचा जन्म इथं. म्हणजे मी, आई, आजी आणि तिचे आजोबा. चार माणसं. मी तुझ्या युद्धाच्या पलीकडं आलेसुद्धा."

टॅबिथा धुक्यात त्या दिशेला बघत राहिली. मावशी नीट दिसत नव्हती, फक्त कुठं उभी आहे ते कळत होतं. सर वर्षभर सांगत होते, साल पाठ करू नका, एकातून दुसरं कसं निघालं ते बघा. ती मान डोलवायची, पण एकातून दुसरं निघतं कुठून, ते तिला दिसायचंच नाही. आता ते पायांनाच कळत होतं. काल दीड सेकंदात मागं पडलेलं साल आज पावलाएवढी जागा व्यापत होतं. दोन सालांच्या मधे एक माणूस उभा होता आणि त्याचे हात दोन्हीकडं पोचत होते.

धुकं वर चढायला लागलं तसं उजाडलं. दोघी नांगे भरत राहिल्या. रानाच्या टोकाला मामाची गाडी येऊन थांबली. सव्वासात होऊन पाच मिनिटं झाली होती. तो उतरला आणि ओळींकडं बघत उभा राहिला.

"गाडीत बस," तो म्हणाला.

"अजून बावीस राहिलेत."

"मला मोजता येतं."

"पण तूच म्हणालास, नांगे भरल्याशिवाय..."

"मी परीक्षा म्हणालो आणि लग्न म्हणालो. उशीर म्हणालो नव्हतो. उशीर होतोय." त्यानं तिच्या हातातली खुंटी घेऊन मावशीकडं दिली. "मावशी भरेल. परत आल्यावर मी हात लावतो. पाऊस दुपारचा आहे."

"हातपाय तरी धुऊ दे तिला," मावशी ओरडली. गाडी निघाली होती.

ग्रंथालयाचं दार बंद व्हायला चार मिनिटं होती. देखरेखीला आलेल्या बाईंनी टॅबिथाच्या नखांकडं पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडं, आणि बोटानं रिकामं टेबल दाखवलं. फेनविक सर दाराबाहेर उभे होते. आत यायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी नुसता हात वर केला.

छोटे प्रश्न बरे गेले. काही आले, काही नाही. मग मोठ्या निबंधाचा प्रश्न आला. सात जुने कागद दिलेले, पत्रं, भाषणं, एक व्यंगचित्र. ते वाचून, त्यांचा आधार घेऊन लिहायचं. विषय गिरण्या आणि शहरांचा, अठराशे ऐंशीनंतरचा. खोलगट भागाच्या जरा अलीकडचा, असं तिच्या मनात आलं, पण ती तिथं थांबली नाही. सात कागदांतले दोन तिला अजिबात कळले नाहीत. सरावाच्या पेपरात अशा वेळी ती खिडकीबाहेर बघायची. आज तिनं कागदांखालची सालं पाहिली आणि प्रत्येक लिहिणाऱ्याचं वय काय असेल याचा अंदाज बांधला. गिरणीतली ही बाई त्या भाषण करणाऱ्या माणसाहून तीस वर्षांनी लहान. म्हणजे त्यानं ज्या शेतांचं कौतुक केलं, ती हिनं पाहिलीच नाहीत. हिच्या आईनं पाहिली असतील. तेवढं लिहून झालं की पुढचं वाक्य आपोआप येत होतं, आणि त्यामागून त्याच्या पुढचं.

"पेनं खाली," बाई म्हणाल्या. टॅबिथाचं शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं पानं मागं उलटून किती झाली ते पाहिलं आणि आपणच एवढं लिहिलं यावर तिचा विश्वास बसेना.

निकाल जुलैत आला. घरी फोनला सिग्नल नसायचा, म्हणून तिनं तो गावच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून उघडला. समोरच्या रस्त्यावरून एक माणूस कुत्रा घेऊन गेला आणि तसाच परत आला.

ती घरी आली तेव्हा मामा अंगणात करवतीला तेल लावत होता. मावशी पायरीवर घेवडा सोलत बसली होती.

"किती?" मामानं मान न उचलता विचारलं.

"तीन."

"किती पैकी?"

"पाच."

मामानं तेलाचा डबा खाली ठेवला. "तीन म्हणजे पास ना?"

"पास."

"मग तोंड असं का केलंयस? घरात कुणी मेलंय का?"

टॅबिथा मावशीशेजारी बसली आणि टोपलीतला एक घेवडा उचलून मोडायला लागली.

"मला चार हवे होते," ती म्हणाली.

मामानं मावशीकडं पाहिलं, मावशीनं मामाकडं. या पोरीनं काही हवं होतं असं म्हटलेलं त्या दोघांनी आजवर ऐकलं नव्हतं. मावशीनं टोपली सरकवून दोघींच्या मधे ठेवली.

"चार," ती म्हणाली. "बरं. मग पुढच्या वर्षी कुठली परीक्षा आहे?"